सड्यावर गुरं राखताना: गोठ्यातून सोडण्यापासून परत बांधण्यापर्यंत

लावणी उरकली की वाडीत रोज एकच तक्रार ऐकू येते, 'काल कोणाची गुरं माझ्या मळ्यात शिरली?' ही गुरं बहुतेक वेळा मोकाट नसतात. त्यांच्यासोबत माणूस असतो, त्याच्या हातात काठी असते आणि खिशात मोबाइलही असतो. पण माणूस उभा असतो कळपाच्या मागे, आणि भात असतं कळपाच्या पुढे. सगळा घोळ इथेच होतो. राखण म्हणजे गुरांच्या मागून चालणं नव्हे. गुरं आणि नासाडीची जागा यांच्या मध्ये आपण आधी जाऊन उभं राहायचं असतं.

पुढचं सगळं राजापूर-देवगड पट्ट्यातल्या कातळसड्याला, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या, सपाट पठाराला, धरून लिहिलं आहे. दहा-बारा गावठी गुरं आणि राखायला एक माणूस, असा हिशेब आहे. पाळीने राखण असलेल्या वाड्यांतही क्रम हाच चालतो, फक्त गुरांना तुमची ओळख नसते, म्हणून पहिले दोन दिवस जास्त सावध राहावं लागतं.

१. गुरं नेण्याआधी सडा एकट्याने फिरून घ्या

ही पायरी सगळे गाळतात. 'सडा काय, लहानपणापासून पाहिलाय' म्हणून थेट गुरं घेऊन जातात. पण सडा दरवर्षी बदलतो. गेल्या साली मोकळा असलेला तुकडा यंदा कोणीतरी विकत घेऊन काटेरी तार मारलेली असते, आत आंब्याची कलमं लावलेली असतात, कुठे सौर कुंपण आलेलं असतं. म्हणून मे महिन्यात, गवत उगवायच्या आधी, एक सकाळ काढा आणि पुढच्या जागा डोक्यात पक्क्या करा.

पहिली जागा चिरेखाणीची, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगडाचे चिरे काढलेल्या खड्ड्याची. सड्यावर गुरांना सर्वांत मोठा धोका बिबट्यापासून किंवा सापापासून नाही, तो बंद पडलेल्या चिरेखाणीपासून आहे. चिरे कापून काढलेले असल्यामुळे खाणीच्या कडा भिंतीसारख्या सरळ असतात. पावसात खाण तुडुंब भरते, काठावर गवत कमरेइतकं वाढतं आणि कड कुठे संपते ते जनावराला दिसत नाही. काठावरचं गवत चरलेलं नसतं म्हणून हिरवंगार असतं, आणि गुरं नेमकी तिथेच ओढली जातात. आमची एक पाडी अशीच गेली. खाण कोणाची ते सोडा, कुंपण नव्हतं एवढं खरं. पण मी तेव्हा शंभर पावलांवर झाडाखाली बसलो होतो, हेही तितकंच खरं.

मेमध्ये खाण कोरडी असते तेव्हाच ट्रक आत-बाहेर करायचा उतार कोणत्या बाजूला आहे ते बघून ठेवा. प्रत्येक खाणीला असा एक तरी उतार असतो. तो का लक्षात ठेवायचा, ते पुढे सांगतो.

दुसरी जागा भाताच्या हद्दीची. सड्यावरून मळ्याकडे उतरणाऱ्या वाटा मोजा. गडगा (दगडी बांध) कुठे ढासळलाय, कुठलं बेडं (कुंपणाचं फाटक) तुटलंय, ते बघा आणि ज्याचं आहे त्याला जूनच्या आत सांगा. तुम्ही सांगितलं होतं हे वाडीला माहीत असलं की पुढची भांडणं निम्मी होतात.

तिसरी पाण्याची. कातळातल्या खळग्यांत साचलेलं पावसाचं पाणी सप्टेंबरपर्यंत पुरतं. त्यानंतर तळी किंवा झरा लागतो. गावठी गाईलाही दिवसाला साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्तच.

चौथी विषारी झाडांची. घाणेरीचं झुडूप भुकेलं किंवा नवं आणलेलं जनावर खातं. मग यकृत बिघडून कावीळ होते आणि उन्हात नाकाडावरची, पांढऱ्या डागांवरची कातडी सोलपटते. कण्हेर सड्यावर उगवत नाही, पण देवळाजवळची किंवा अंगणातली छाटणी कोणीतरी गडग्याबाहेर टाकतं. ती वाळली तरी विष जात नाही. एवढ्यातेवढ्या पानांनी गाय जाते.

*तपासा:* डोळे मिटून सड्याचा नकाशा काढता येतो का? खाण, मळ्याच्या वाटा, पाणी आणि मोठी झाडं कोणत्या दिशेला आहेत हे पटकन सांगता येत नसेल, तर आणखी एक फेरी मारा.

२. गुरांची तयारी

घटसर्प आणि फऱ्याची लस पाऊस सुरू व्हायच्या निदान दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्या. लस दिल्या दिवशी अंगात ताकद येत नाही, तिला वेळ लागतो. पाऊस पडल्यावर दवाखान्यात धावणाऱ्यांची चूक हीच. लाळ-खुरकत आणि लम्पीच्या लसीचं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकाकडून घ्या.

कानातला १२ अंकी बिल्ला नसेल तर तोही याच फेरीत मारून घ्या. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. हरवलेलं जनावर कोंडवाड्यातून सोडवताना किंवा भरपाई मागतानाही आधी बिल्लाच विचारतात. सगळ्या गुरांचे नंबर मोबाइलमध्ये फोटोसकट ठेवा.

घंटा सगळ्यांच्या गळ्यात नको. तीन बांधा: एक म्होरकीला (कळपाच्या पुढे चालणाऱ्या गाईला), एक सगळ्यांत मागे रेंगाळणारीला, एक पळपुट्या जनावराला. तिन्हींचा आवाज वेगळा हवा. मग पावसात काही दिसत नसलं तरी कळप कुठून कुठे पसरलाय ते कानाने कळतं. सगळ्यांना सारख्या घंटा बांधल्या की नुसता गलका ऐकू येतो. रात्री एखादं जनावर हायवेकडे जायची शक्यता असेल तर गळ्यात चमकणारा पट्टा बांधा. पावसात गुरं मुंबई-गोवा महामार्गाच्या कोरड्या डांबरावर येऊन बसतात आणि काळी गाय गाडीवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोणी मनावर घेत नाही. जांभ्या मातीत स्फुरद आणि चुना कमी असतो. सड्यावरच चरणारी गुरं म्हणून हाडं, प्लास्टिक, चिंध्या चघळताना दिसतात. ती खोड नाही, ती कमतरता आहे. रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडं मीठ कोंड्यातून द्या. जुनं हाड चघळण्यातून होणारी विषबाधा जनावराला लुळं करून मारते आणि तिच्यावर इलाज जवळजवळ नाही.

३. सोबत काय न्यायचं

काठी खांद्याएवढी, मारायला नाही तर हात लांब करायला. इरलं किंवा रेनकोट, पण छत्री नको. वारा ती उलटी करतो, आणि अचानक उघडली की कळप बुजतो. घोट्याच्या वर येणारे गमबूट घाला, कारण कातळावर फुरसं दगडाच्या रंगात मिसळून जातं. कोयती, आठ-दहा हात दोर, बॅटरी, पिण्याचं पाणी आणि मूठभर कोंडा-मीठ पिशवीत ठेवा. दगड उलथून बसायला जागा करू नका, खाली विंचू असतो. बारसू किंवा देवाचे गोठणेच्या सड्यावर असाल तर कातळशिल्पांभोवती मांडलेले दगडही उचलू नका.

४. सकाळ: क्रम मोडू नका

अ) आधी प्रत्येक जनावराकडे नजर टाका. नाकाडं ओलसर आहे, रवंथ चालू आहे, शेण नेहमीसारखं आहे, लघवी लाल नाही. लाल लघवी आणि ताप म्हणजे बहुतेक गोचिडाचा आजार. ते जनावर आज सड्यावर नको.

आ) मग सुका पेंढा टाका. जून-जुलैत ही पायरी चुकवली तर महागात पडते. उपाशी गाय कोवळ्या, पाणीदार गवतावर तुटून पडते आणि हगवण किंवा पोटफुगी होते. सोडण्याआधी दीड-दोन किलो पेंढा पोटात गेला की आधाशीपणा कमी होतो. पहिल्या आठवड्यात दोनच तास चरू द्या, मग वाढवत न्या.

इ) पाणी दाखवा.

ई) धार काढून झाली की म्होरकीचं दावं आधी सोडा, मग मोठ्या गाई, मग कालवडी, शेवटी बैल आणि खोंड. घाईत दाराजवळचं जनावर आधी सोडलं की दारातच शिंगं लागतात.

*सावध:* माजावर आलेली गाय आणि आठवड्याच्या आत व्यालेली गाय घरी ठेवा. एक सगळे बैल आपल्यामागे फिरवते, दुसरी वासरासाठी अर्ध्या वाटेतून परत फिरते.

५. वाटेवर

पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) घाई केली तर खुरं घसरतात, विशेषतः शेवाळलेल्या चिऱ्यांवर. मागून ओरडू नका. वाटेला जिथे फाटा फुटतो तिथे तुम्ही म्होरकीच्या आधी पोचलेले हवेत. बाकी वाट गुरांना पाठ असते.

६. सड्यावर उभं कुठे राहायचं

इथे थोडं सावकाश वाचा.

गाईला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त थेट शेपटीमागचं दिसत नाही. तुम्ही तिथे उभे राहिलात की ती बेचैन होते, मान वळवून बघते किंवा पळते. दुसरं असं की प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असतं. तुम्ही त्याच्या आत आलात की ते सरकतं, बाहेर गेलात की थांबतं. रोजच्या माणसासाठी हे अंतर दोन पावलं असतं, परक्यासाठी दहा. तिसरी गोष्ट खांद्याची. तुम्ही तिच्या खांद्याच्या मागे, बाजूला असाल तर ती पुढे जाते. खांद्याच्या पुढे आलात की थांबते किंवा वळते. एवढं कळलं की काठी उगारायची वेळ क्वचितच येते.

कळपालाही हेच लागू. कळप मळ्याकडे सरकतोय असं दिसलं तर मागून धावू नका. मागून धावलात की तुम्हीच तो पुढे ढकलता. मोठा वळसा घ्या, कळपाच्या बाजूने पुढे जा आणि म्होरकीच्या खांद्याच्या पुढे, तिरपे उभे राहा. म्होरकी वळली की बाकीचा कळप आपोआप वळतो.

आता वारा. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. जोराची सर आली की गुरं तोंड फिरवतात, पाठ समुद्राकडे करतात आणि सरीबरोबर हळूहळू पूर्वेकडे सरकत जातात. तासभर सर टिकली तर कळप कुठच्या कुठे गेलेला असतो. राखणारा मात्र आडोशाला बसून 'पावसात कुठे जातील' म्हणत असतो. म्हणून पावसाच्या दिवशी चराई पश्चिमेच्या टोकाला सुरू करा आणि स्वतः पूर्वेच्या बाजूला राहा. खाण पूर्वेला असेल तर त्या दिवशी ती बाजूच सोडून द्या.

साधारण अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदला, पण गुरांना हलवू नका. ती एका ठिकाणी निवांत चरत असतील तर चरू द्या. दर दहा मिनिटांनी हुसकावणाऱ्याची गुरं संध्याकाळी अर्धपोटी घरी येतात आणि रात्री दावं तोडतात.

गवत उंच झालं की गुरं दिसत नाहीत, तेव्हा गायबगळे शोधा. पांढरे बगळे जिथे, तिथे गुरं. आणि टिटवी उगाच ओरडत नाही. ती उघड्या कातळावर अंडी घालते, त्यामुळे कुत्रा, माणूस, बिबट्या कोणीही आलं तरी आधी तिलाच कळतं. टिटवी ओरडली आणि गुरांनी एकाच दिशेला कान टवकारले, तर उठून बघा.

*तपासा:* मान वर करून एका नजरेत म्होरकी आणि शेवटची रेंगाळणारी दोघीही दिसतात का? एकच दिसत असेल तर तुमची जागा चुकली आहे.

*सावध:* मोबाइल वाजला म्हणून खाली बसू नका. गुरांना बसलेला माणूस 'राखण सुटली' असा दिसतो, हे मी गमतीने म्हणत नाही.

७. दुपार

पाण्यावर एकदम सगळी गुरं नेऊ नका, कालवडींना मोठ्या गाई ढकलतात. तळीच्या काठाचा चिखल तुडवत जाण्यापेक्षा कातळाची बाजू निवडा. चिखलातल्या गोगलगायींतून यकृतातल्या कृमींची लागण होते. पाणी प्याल्यावर नाकात जळू शिरली का ते बघा. एकाच नाकपुडीतून रक्त, सारखं शिंकणं, डोकं झटकणं ही तिची खूण.

मग सावलीत बसू द्या. गुरं रवंथ करत बसली म्हणजे वेळ वाया गेला असं नाही, पचन तेव्हाच चालतं. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो, तेव्हा सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चारनंतर अशा दोन पाळ्या करा.

इथेच दिवसाची पहिली मोजणी. आकडा मोजू नका, नावाने मोजा. 'अकरा आहेत' म्हणून समाधान मानलं आणि त्यातली एक शेजारच्याची निघाली, असं फार वेळा होतं.

८. वीज

सड्यावर सगळ्यांत उंच तुम्ही आणि तुमची गुरं असता. मे आणि ऑक्टोबरातल्या दुपारी ढग समुद्राकडून नाही, पूर्वेकडून, सह्याद्रीवरून येतात. समुद्राकडचं आभाळ निरभ्र बघून गाफील राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा, पण त्यावरच विसंबू नका, सड्यावर रेंज जाते.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर खाली उतरायला सुरुवात करा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर चढू नका. एकट्या झाडाखाली गुरं गोळा होतात, तिथून हुसका आणि पांगू द्या. तारेच्या कुंपणालाही टेकू देऊ नका. गुरं उतरायला तयार नसतील तर तुम्ही एकटे उतरा. हे ऐकायला वाईट वाटतं, पण आमच्या वाडीतले आबाही हेच सांगतात आणि त्यांच्याइतका गुरांवर जीव कोणाचा नाही.

९. परत आणताना

दिवस मावळायच्या तासभर आधी निघा. बिबट्याची वेळ तिन्हीसांजेची, आणि मागे राहिलेलं वासरू त्याला सोपं पडतं. वासरं कळपाच्या मध्ये घ्या. तुमची एक ठरलेली हाक असू द्या आणि त्या हाकेवर म्होरकीला रोज मूठभर कोंडा-मीठ द्या. आठ दिवसांत हाकेवर कळप फिरतो. हाक मारून कोंडा न देण्याची लबाडी करू नका, गाय दोनदा फसते, तिसऱ्यांदा नाही.

गोठ्याच्या दारात नावाने दुसरी मोजणी. मग दावणीला बांधताना हात फिरवा: कानामागे, सडांजवळ आणि शेपटीखाली गोचीड, खुरांच्या बेचक्यात खडा, आणि डावी कूस ढोलासारखी फुगली आहे का.

अडचण आली तर

*पोटफुगी:* डावी कूस फुगलेली, जनावर उठबस करतंय. चढावर तोंड करून उभं करा, म्हणजे पुढचे पाय उंचावर राहतील. तोंडात आडवी काठी लगामासारखी बांधा, चघळून लाळ सुटते आणि वायू निघतो. बसलेल्या जनावराच्या घशात तेल ओतू नका, फुप्फुसात जातं. सोबतच १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

*खाणीत पडलं:* काठावरून ओरडू नका, दगड मारू नका. गाय पोहू शकते, पण घाबरली की भिंतीलाच धडका देत थकते. उताराच्या बाजूला धावत जा आणि तिथून तुमची रोजची हाक मारा. मेमध्ये उतार बघून ठेवायला सांगितलं ते यासाठी. तुम्ही स्वतः पाण्यात उतरू नका. कालवड किंवा दुसरी गाय त्या टोकाला आणून उभी केली तर पाण्यातली लवकर तिकडे वळते. आमच्या पाडीच्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं, मी काठावर उभा राहून ओरडत होतो.

*बिबट्याने मारलं:* जनावर हलवू नका, तिथेच राहू द्या. फोटो काढा, बिल्ला दिसेल असा. वनखात्याला ४८ तासांच्या आत कळवा, १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला. पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला झाल्याशिवाय मेलेलं जनावर पुरलं तर भरपाई अडते, आणि तशी अडते तेव्हा खेटे घालून काही मिळत नाही.

*तुम्हालाच साप किंवा विंचू चावला:* जखम कापू-चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला अवयव न हलवता सरकारी दवाखान्यात जा. विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला आहे, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं. गुरांचं काय, हा विचार त्या वेळी करू नका, ती वाट ओळखून घरी येतात.

पावसाळा संपल्यावर

भातकापणी झाली, मळे मोकळे झाले की राखण ढिली पडते. 'आता सोडली तरी चालतील' हे सगळ्यांचं वाक्य. पण शेजारच्याने कुळीथ किंवा पावटा पेरलेला असतो, भाजी लावलेली असते. गुरं मोकळी सोडायचा दिवस गावकीने ठरवेपर्यंत थांबा.

डिसेंबरपासून सड्यावरचं गवत वाळतं आणि वणव्याचे दिवस येतात. बिडीचं थोटूक कातळावर विझवून खिशात घाला. धूर दिसला तर गुरं वाऱ्याच्या दिशेने हाकू नका, आग त्यांच्यापेक्षा वेगाने येते. वाऱ्याला आडवं चालत, आधीच जळालेल्या किंवा उघड्या कातळाच्या पट्ट्यावर न्या.

मार्च ते मे बागांमधून जाताना मुसकी घाला. गळलेली काजूची बोंडं आणि मेमध्ये पिकून पडलेले फणस गुरं हावरटासारखी खातात. पोटात ते आंबतं, जनावर झिंगल्यासारखं चालतं, नाहीतर बसतं ते उठत नाही. फणसाच्या झाडाखाली गुरं दिसली तर ती किती वेळ तिथे होती एवढंच आधी शोधा, आणि किती खाल्लं असेल याचा अंदाज डॉक्टरांना फोनवर सांगा.